अडीचशे रुपये किलोचं चूलबंद आवतण

चोवीस वर्षं बंदूक सांभाळली. बर्फात सांभाळली, वाळूत सांभाळली, पण माझ्या हातून ती एकदाही चुकून सुटली नाही. तोंड मात्र एकदाच सुटलं. तेही रिटायर होऊन घरी आलो त्या पहिल्याच दिवशी, अख्ख्या गावासमोर, माईकवर!

हसू नका. म्हणजे हसा, पण चहा सांडू देऊ नका. दुधाचा भाव आता मला ठाऊक आहे.

तर मी दत्ता. ढोकीपासून सात-आठ किलोमीटर आत, उसाच्या फडांच्या मधोमध आमचं तीनशे उंबऱ्यांचं गाव. एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झालो आणि हवालदार होऊन परत आलो. पण गावात हवालदार कोण म्हणतो? फौजेतून आलेला प्रत्येक माणूस आमच्याकडं ‘मेजर’! तिकडं मेजरसाहेबाला सॅल्यूट मारून मारून खांदा निखळायची वेळ आली होती, आणि इकडं स्टेशनावर उतरलो तर मीच मेजर.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो, नाहीतर तुम्हाला पुढचं खरं वाटायचं नाही. या चोवीस वर्षांत मी बाजारातून साधी मेथीची जुडी विकत आणली नव्हती. तिकडं लंगर होता. घंटा झाली की ताट घेऊन उभं राहायचं, वाढणारा वाढायचा. साबण, ब्लेड, चहापत्ती कँटीनमधून. आणि सुट्टीवर गावी आलो की माझी बायको सुमन मला पिशवीला हात लावू द्यायची नाही. “महिनाभरासाठी आलाव, ऱ्हावा की निवांत,” म्हणायची. सुट्टीवरच्या फौजीला कोण हो पिशवी देऊन बाजारात धाडतंय?

त्यामुळं झालं काय, माझ्या डोक्यात भाव जे होते ते भरतीच्या वर्षाचे. तेव्हा मटण होतं सव्वाशे रुपये किलो. मी काही अगदीच खुळा नव्हतो. महागाई वाढते एवढं मला कळत होतं. म्हणून मी आपलं मोठ्या मनानं दुप्पट धरलं. अडीचशे! याहून किती वाढणार?

रिटायर होऊन आलो त्या दिवशीची मिरवणूक सांगायलाच पाहिजे. माझा लहानपणचा दोस्त बालाजी. त्याचं आयुष्यात एकच काम, कार्यक्रम करणं. कार्यक्रम कुणाचा याला महत्त्व नाही. त्यानं उघडी जीप झेंडूच्या फुलांनी मढवून आणलेली. मला फेटा बांधला. हलगीवाले पुढं, गावातली पोरंसोरं मागं, आणि तेरखेड्याहून आणलेल्या फटाक्यांच्या माळा अशा लावल्या की मला क्षणभर आडवं पडून पोझिशन घ्यावी वाटली. सवय हो!

आयाबायांनी दारोदार ओवाळलं. माझे डोळे भरून यायला लागले. मारुतीच्या पारावर स्टेज केलं होतं. तिथं सरपंच विष्णूअण्णांनी भाषण केलं. अण्णा दोन वेळा निवडून आलेले, मऊ बोलणारे, पांढऱ्या कपड्यांवर सुरकुती न पडू देणारे. ते म्हणाले, “मेजरनं देशासाठी तारुण्य दिलं, आपण मेजरला काय देणार?” मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

मी तीन वाक्यं पाठ करून आलो होतो. ती बरोबर म्हटली. तिथंच थांबायचं ना? पण खालून बालाजी ओरडला, “मेजर, पार्टी!”

गर्दीतून पन्नास आवाज आले, “पार्टी! पार्टी!”

आता तुम्हीच सांगा. डोळ्यांत पाणी, डोक्यावर फेटा, समोर सगळं गाव. अशा वेळी माणसाच्या तोंडाला लगाम राहतो का?

“पार्टी कसली मागता?” मी गरजलो. “येत्या रविवारी अख्ख्या गावाला चूलबंद आवतण! एका बी घरात चूल पेटायची न्हाय. मटणाचं जेवण! अन माळकऱ्यांना वेगळी आमटी!”

काय टाळ्या पडल्या म्हणता! उरलेले फटाके तिथंच उडाले. विष्णूअण्णा टाळ्या वाजवत होते, पण हसता हसता त्यांचा चेहरा मधेच कुठंतरी थबकला. ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. ध्यानात आली ती सुमन. बायकांच्या घोळक्यात ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती. कपाळाला हात लावून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, अभिमान वाटला असंल.

घरी आल्यावर ती पाण्याचा तांब्या देत म्हणाली, “आहो, मटण काय भाव हाय ठाऊक हाय का?”

“हाय की. अडीचशे.”

ती हसली. म्हणजे आधी नुसती हसली. मग पदर तोंडाला लावून हसली. मग भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, चला, बायको खुश आहे. मग एकदम तिचं हसू थांबलं.

“आठशे,” ती म्हणाली.

“कितीचे आठशे?”

“एका किलोचे.”

“मटणाचे? का जित्या बोकडासकट?”

“आहो, तीनशे घरं. पंधराशे माणूस. दोन क्विंटल मटण लागतंय. त्यावर तेल, तांदूळ, मसाला, जळण. घरावर स्लॅब टाकायचा म्हणून पैसा राखून ठिवलाय आपण. पत्र्याखाली चोवीस उन्हाळे काढलेत मी.”

इथं खरं तर मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण फौजी माणूस! म्हणालो, “तुला फसवत्यात बाजारात. बायका मवाळ पडत्यात. उद्या बाजार हाय ना? चल माझ्यासंगं. भाव कसा करायचा दाखवतो.”

ती उठली. खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ढोकीच्या आठवडी बाजारात शिरलो. सुमन दोन पावलं मागं. पहिलाच लसूणवाला. “काय भाव?” मी दरडावून विचारलं.

“पन्नास.”

मी मागं वळून सुमनकडं विजयी नजरेनं बघितलं. बघ, म्हटलं, महागाई महागाई करता! “दे दोन किलो!” मी म्हणालो. त्यानं आनंदानं तोलला. एवढा लसूण एकदम नेणारा माणूस त्याला बऱ्याच दिवसांनी भेटला असावा.

“चारशे झाले, साहेब.”

“चारशे? पन्नास म्हणालास ना?”

“पन्नास पावकिलोला. किलोचा भाव आता कोन इचारतंय?”

मागं सुमन खोकली. तिला खोकला झालेला नव्हता.

पुढं गयाबाईचं भाजीचं दुकान होतं. गयाबाई आमच्याच गावची, सत्तरीची, तोंडानं फटकळ. तिच्याकडून अर्धा किलो वांगी घेतली आणि सवयीनं, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीच्या सवयीनं म्हणालो, “मावशी, वर जरा मूठभर कोथिंबीर टाका.”

गयाबाईनं माझ्याकडं खालून वरपर्यंत बघितलं. “लेकरा, तू कोथिंबीर इकत घे. वांगी म्या फुकट देते.”

चार गिऱ्हाइकं खो खो हसली. मी जुडीचा भाव विचारला आणि कोथिंबीर जपून परत ठेवली. एक पान जरी तुटलं असतं तरी भरून द्यावं लागलं असतं, असं वाटलं मला.

खोबऱ्याच्या दुकानात तर मी आत गेलोच नाही. दुकानदारानं भाव सांगितला, मी लांबूनच नमस्कार केला. तेलाच्या पिशवीवरचा आकडा वाचायला मी चष्मा लावला, मग चष्मा काढून वाचला, मग सुमनला वाचायला दिला. तिघांनाही, म्हणजे मला, चष्म्याला आणि सुमनला, तोच आकडा दिसला.

आता राहिले हमीदभाई. त्यांचं मटणाचं दुकान बाजाराच्या टोकाला. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची ओळख. मी ठरवलं, इथं लढाई जिंकायचीच. दुकानात वीस-पंचवीस माणसं उभी. त्यातली निम्मी आमच्या गावची.

“हमीदभाई,” मी म्हणालो, “घरचा माणूस हाय. दोनशे ऐंशीनं लावा.”

हमीदभाईंनी सुरा खाली ठेवला. “मेजरसाब, इत्ते में तो बकरा सिर्फ सलाम करके जाता!”

परत हशा. माझे कान तापले. बाजारात सकाळपासून तिसऱ्यांदा हसं झालं होतं. आता माघार नाही! मी आवाज चढवला, “आहो, पावशेर न्यायला आलेलं गिऱ्हाईक समजू नका. दोन क्विंटल पाहिजे, दोन क्विंटल! बोला, काय भाव लावता?”

आणि दुकान गप्प झालं.

इतकं गप्प, की टांगलेल्या बोकडावरची माशीसुद्धा उडायची थांबली असावी. हमीदभाई पुढं वाकले. आवाज बारीक करून म्हणाले, “मेजरसाब, सिधा बोलो ना. सरपंचकीला उभं राहता काय?”

बघा, फौजेत असल्यामुळं हेही मला ठाऊक नव्हतं. ग्रामपंचायतीची निवडणूक तीन-चार महिन्यांवर आली होती. आणि आमच्या भागात दोन क्विंटल मटणाचा भाव विचारणारा माणूस एकाच जातीचा असतो. उमेदवार!

“छे छे, न्हाय हो!” मी म्हणालो.

हमीदभाई हसले. रांगेतले सगळे हसले. एकजण दुसऱ्याला म्हणाला, “उभं ऱ्हाणारा माणूस आधी न्हायच म्हनत असतो.”

मी जितक्या वेळा ‘नाही’ म्हणालो, तितकी माझी उमेदवारी पक्की होत गेली. शेवटी रागानं म्हणालो, “देवाशपथ, माझ्या मनात असलं काही न्हाय!” तर एक म्हातारा कौतुकानं मान डोलवत म्हणाला, “भाषन चांगलं करतंय पोरगं.”

घरी पोचलो तर ओट्यावर सातजण बसलेले. आमच्या आधी बातमी मोटारसायकलवर बसून गावात आली होती. एकाला घरापुढं लाईटचा डांब पाहिजे होता. दुसऱ्याला नाली. तिसरा फक्त कानात एवढंच म्हणाला, “आमच्या घरात नऊ मतं हायत, ध्यानात असू द्या.” आणि चहा पिऊन गेला. सगळेच चहा पिऊन गेले. सुमननं त्या दिवशी चार वेळा दूध मागवलं.

दुपारी बालाजी आला. नाचतच आला.

“दत्ता! मला आधी सांगायचं न्हाय व्हय रं? फ्लेक्स लावला. अकरा जनाचं पॅनल बी तयार हाय.”

“कसला फ्लेक्स?”

“चल दावतो.”

गावात शिरतानाच, थांब्यापाशी, बारा फूट बाय आठ फुटांचा मी उभा! फेट्यातला. हात जोडलेला. वर लिहिलेलं, ‘देशसेवा झाली, आता गावसेवा! भावी सरपंच मेजर दत्ताभाऊ.’ आणि खाली बालाजीचा स्वतःचा फोटो, माझ्यापेक्षा थोडाच लहान.

“बाल्या,” मी त्याचा हात धरून म्हणालो, “ऐक माझं. मला सरपंच व्हायचं न्हाय. मला मटणाचा भाव ठाऊक न्हवता. म्या अडीचशे धरला होता.”

बालाजीनं माझ्याकडं बघितलं. गंभीर झाला. मला वाटलं, पटलं. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “दुसऱ्याला सांग असंच. विरोधकाला पत्ता लागायला नगं.”

काय करता अशा माणसाला?

तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, खुद्द सरपंच विष्णूअण्णा घरी आले. पांढरे कपडे तसेच, पण आज चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या. बाजेवर बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, “मेजर, तुमी देशाचे मानूस. गावच्या चिखलात कशाला पाय घालता?”

“अण्णा, मी कुठं घालतोय!”

“मला कळतंय सगळं. मोकळं बोलतो. रविवारच्या जेवनाचं सगळं माज्याकडं लागलं. दोन क्विंटल काय, अडीच घ्या. नाव पाहिजे तर तुमचं ठिवा. फकस्त तुमी उभं राहू नका.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! बघा हं, मला जे करायचंच नव्हतं ते न करण्यासाठी हा माणूस अडीच क्विंटल मटण द्यायला निघाला होता! स्लॅब वाचला. शब्द वाचला. सुमन वाचली. मी बाजेवरून उठलो, हात पुढं केला आणि तोंड उघडलं...

“अण्णा, चहा घ्या.”

सुमन चहा घेऊन बाहेर आली होती. कप अण्णांच्या हातात देऊन ती म्हणाली, “चहा आमचा घ्या. पर जेवन बी आमचंच ऱ्हाऊ द्या. आमच्या मानसानं शबुद दिलाय, आमीच बघू त्याचं.”

“वहिनी, खर्च लई हाय...” अण्णा म्हणाले.

“ते मला सांगता व्हय अण्णा?” सुमन एवढंच बोलली.

अण्णांनी चहा संपवला आणि गेले. जाताना त्यांची खात्रीच पटली होती, की ही बाई नवऱ्यापेक्षा पक्की राजकारणी आहे.

मी सुमनवर उखडलो. “अगं, चालून आलेलं संकटाचं औषध परत धाडलंस! कुठनं आणायचे दीड-दोन लाख?”

ती उंबऱ्यावर बसली. लसूण सोलायला घेतला. तोच, दोन किलोचा. एक गड्डा सोलून झाला. मग म्हणाली, “चूक तुमची एकट्याची न्हाय.”

“म्हंजे?”

“तुमी दर महिन्याला फोनवर इचारायचा, पैसे पुरत्यात ना? मी म्हनायची, पुरत्यात. लांब बर्फात बसलेल्या मानसाला काय सांगायचं? एकदा बी ‘न्हाय पुरत’ म्हनले असते, तर तुमाला भाव कळला असता.”

मी त्या लसणाच्या ढिगाकडं बघत राहिलो.

“सुट्टीला आलाव की मटन करायची. तुमी म्हनायचा, सुमन, रस्सा वरसावरसाला पातळ व्हायलाय, हात बिघडला का तुजा? मी म्हनायची, व्हय, बिघडला.”

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि लसूण सोलायला लागलो. पहिल्यांदाच सोलत होतो. चार पाकळ्यांत नख दुखायला लागलं. पण उठलो नाही.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, “माईकवर तुमी मटनाचं जेवन म्हनालाव. किती मटन, ते कुठं म्हनालाव?”

“म्हंजे?”

“रस्सा बी मटनाचाच असतोय.”

तिथून पुढची सगळी मोहीम सुमनच्या हातात. मी नुसता जवान. हमीदभाईंकडं ती स्वतः गेली. मी बाहेर उभा. पाच मिनिटांत बाहेर आली. दोन बोकड, मिळून पस्तीस किलो, आणि किलोमागं पन्नास रुपये कमी! मी विचारलं, “कसं जमवलंस?” म्हणाली, “काय न्हाय. खरं सांगितलं. तुमी अडीचशे धरलं व्हतं म्हनून. लई हासले. हासता हासता कमी केले.”

मग बचत गटाच्या बायका आमच्या अंगणात जमल्या. दोन दिवस येसर तयार झाला. येसर म्हणजे आमच्याकडचं धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. रश्शात टाकलं की पाण्यालासुद्धा अंग येतं. मिरची, धने, ज्वारी भाजल्याचा वास असा सुटला, की बांधावरची माणसं घरी यायला लागली. माळकऱ्यांची आमटी त्याच येसराची.

राहिल्या भाकरी. पंधराशे माणसांना भाकरी कोण थापणार? सुमननं घरोघरी निरोप धाडला, घरटी पंधरा भाकरी घेऊन या. झालं! रविवारी दुपारी मी गावातून चक्कर मारली तर प्रत्येक छपरातून धूर निघत होता. तीनशेच्या तीनशे चुली धडधडून पेटलेल्या. जगातलं पहिलं चूलबंद आवतण असेल, ज्याच्यापायी गावातली एक चूल बंद नव्हती!

ऊन कलायला लागलं तसं गाव पाराजवळ जमलं. पंगतीला बसायला सतरंज्या कमी पडल्या. सुमननं बालाजीला डोळ्यानं खुणावलं. बालाजी रडवेला झाला, पण गेला आणि थांब्यावरचा फ्लेक्स काढून आणला. अंथरला. भावी सरपंचावर बरोबर चौदा माणसं मांडी घालून बसली. दोन माझ्या फेट्यावर.

जेवणाआधी माईक आला. सगळे कान टवकारून बसलेले. आता मेजर घोषणा करणार! विष्णूअण्णा पहिल्या रांगेत, ओठ आवळून. बालाजी हार घेऊन तयार. मी उठलो. खरं सांगतो, चौकीवर कधी इतका घाम फुटला नव्हता.

“मंडळी,” मी म्हणालो, “मी निवडणुकीला उभा न्हाय. आज न्हाय, उद्या न्हाय. मला सरपंच व्हायचं न्हाय. त्या दिवशी मी चूलबंद म्हणालो, कारण मला मटणाचा भाव ठाऊक न्हवता. मी अडीचशे धरला होता.”

बालाजीनं हातातला हार खाली केला.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. हा नवीन डाव काय आहे, असा विचार प्रत्येकाच्या तोंडावर. मग बायकांच्या बाजूनं गयाबाईचा आवाज आला, “अडीचशे?”

“व्हय मावशी.”

“किलो?”

“किलो.”

गयाबाई जी हसायला लागली! तिच्या शेजारची हसली. तिची शेजारीण हसली. बायकांची अख्खी बाजू वाऱ्यानं ज्वारी हलावी तशी हलायला लागली. पुरुष आधी नुसते बघत होते. कारण, आता मला कळतंय, निम्म्या पुरुषांना त्यांच्या बायका हसेपर्यंत खरा भाव ठाऊकच नव्हता! मग तेही हसले. हमीदभाई तर डोळे पुसत होते, आणि त्यांनी तर हे आधी ऐकलेलं होतं.

विष्णूअण्णांच्या तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या एका झटक्यात गेल्या. ते उठले आणि मला मिठी मारली. मिठी अशी, की मत मागताना सुद्धा त्यांनी कुणाला मारली नसेल.

पंगती बसल्या. मी स्वतः रस्सा वाढला. माणशी एक फोड, आणि रस्सा हवा तेवढा. ज्याला चुकून दोन फोडी आल्या, तो लपवून खात होता. पण सांगतो तुम्हाला, तो रस्सा! ओरपायचे आवाज पार वेशीपर्यंत जात होते. गयाबाईनं तीन वेळा मागून घेतला. भाकरी तीनशे घरच्या, म्हणून प्रत्येकीची चव वेगळी, आणि प्रत्येक बाई दुसरीची भाकरी मोडून बघत होती.

शेवटची पंगत उठली तेव्हा विष्णूअण्णा ढेकर देत स्टेजवर चढले. आता ते लई खुशीत होते. माणूस खुशीत आला की दुसऱ्याची फिरकी घेतोच. त्यांनी माईक हातात घेतला.

“मेजर, जेवन एक नंबर झालं. मटनाचा भाव तुमाला ठाऊक न्हवता, आमी समजून घेतलं. पर एक इचारू का सगळ्यांदेखत?”

“इचारा की अण्णा!” मी बादली खाली ठेवून छाती पुढं काढली.

“निदान सोताची पेन्शन किती बसली, ते तरी ठाऊक हाय का?”

आता मात्र हद्द झाली! चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न? मी ताडताड स्टेजवर गेलो. त्यांच्या हातातला माईक घेतला. अख्ख्या गावावर नजर फिरवली आणि कडक आवाजात म्हणालो, “ठाऊक न्हाय म्हंजे? लिहा! आमची पेन्शन हाय...”

आणि थांबलो. आठवेना. कागद आला होता हे आठवत होतं. मी सही केली होती हे आठवत होतं. सही करून कागद कुणाच्या हातात दिला, तेही आठवत होतं. मान आपोआप बायकांच्या बाजूला वळली.

“सुमन,” मी माईकवरच विचारलं, “किती गं?”

ती पातेलं घासत होती. हात थांबवला नाही, मान वर केली नाही. पण आवाज असा खणखणीत लावला, की तिला माईकची गरजच पडली नाही.

“घरी गेल्यावर सांगते. हितं सांगितली, तर म्होरल्या रविवारी पुन्ना जेवन घालाल!”